हलगी फेकली कुणी, उचलणार कोण?

बँड कसा जमतो याची एक गोष्ट आपल्याला पिक्चरवाल्यांनी आणि इंग्रजी मासिकांनी पाठ करून दिलीय. चार पोरं असतात. कॉलेजात भेटतात. एकाच्या बापाचं गॅरेज असतं. त्यात गिटार, ड्रम, अँप्लिफायर. शेजारी बोंबलतात, आई चहा आणून देते, आणि दोन वर्षांत पोरं स्टेजवर. असेल खरं. पण ज्याच्या बापाला गाडीच नाही त्याला गॅरेज कुठून? दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं पथारी टाकतात तिथं ड्रमचा सेट कुठं मांडायचा? मोरीत?

म्हणून मी दुसऱ्या एका बँडची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या उपयोगाची आहे. आणि ती सांगता सांगता आपल्याच घरातली एक घाण उघडी करणार आहे. राग येणाऱ्यांनी खुशाल यावा. राग आल्याशिवाय आपल्याकडे काही हलत नाही.

हा बँड मद्रासचा. आता चेन्नई म्हणतात. नाव ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’, म्हणजे जात नसलेल्यांचा जथा. २०१७ साली तो जमवला आणि ६ जानेवारी २०१८ ला कीळपाक भागातल्या मैदानात तो पहिल्यांदा लोकांपुढं उभा राहिला. एकोणीस जण. अंगात सूट. सूट का, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या घरातल्या फोटोतला माणूस कोणत्या कपड्यात उभा असतो ते आपण जन्मापासून बघतोय.

आता तारीख बघा. डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्य हा तमिळ लोकांचा मार्गळी महिना. ह्या महिन्यात मद्रासेत कर्नाटक संगीताचा मोसम असतो. मैलापूरच्या सभागृहांतून सकाळपासून रात्रीपर्यंत मैफली चालतात. गाणारे कोण, ऐकणारे कोण, पहिल्या रांगेत शाल पांघरून मान डोलावणारे कोण, हे सदाशिव पेठेतला गणेशोत्सव बघितलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. त्याच महिन्यात, त्याच शहरात, ही एकोणीस माणसं आरक्षणावर, गोमांसावर, उत्तर मद्रासेच्या वस्तीवर गायली. शास्त्रीय संगीताच्या पंगतीत जागा मागायला ती गेली नव्हती. त्यांनी शेजारी आपली चूल मांडली.

हा बँड जमला कसा? गॅरेजात नाही. ठरवून जमवला. पा. रंजित हा तमिळ सिनेमाचा दिग्दर्शक. ‘मद्रास’, ‘कबाली’, आणि आपल्या धारावीवरचा ‘काला’ त्याचेच. त्याचं नीलम नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. निळा रंग त्यानं नावातच घेतलाय. तेन्मा नावाचा संगीतकार आधीपासून स्वतंत्र रॉक बँड वाजवणारा. दोघांनी मिळून गायक-वादक शोधले. शंभरावर लोकांना ऐकलं आणि त्यातून एकोणीस निवडले. त्यात गाना म्हणणारे होते, रॅप म्हणणारे होते, गिटारवाला होता, ड्रमवाला होता, आणि परई, सट्टी, कट्टमोळम वाजवणारे होते.

ह्या शब्दांवर जरा थांबू.

गाना म्हणजे आपण म्हणतो ते कुठलंही गाणं नव्हे. उत्तर मद्रासेत बंदर आहे, कोळीवाडे आहेत, बंद पडलेल्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांचा मुलूख आहे. रोयापुरम, व्यासरपाडी, पुळियांतोप. तिथला हमाल, रिक्षावाला, गिरणीवाला, झाडूवाला मेला की रात्रभर मयताच्या दारात बसून गायचं ते गाना. वाद्य नसलं तर डबा, टेबल, काड्यापेटी, काय हाताला लागेल ते. मेलेल्याची आठवण काढायची, त्याच्या खोड्या सांगायच्या, रडायचं, हसायचं आणि मृत्यूलाच दोन शिव्या घालायच्या. आपल्याकडं मयताच्या रात्री भजन लावणारे आहेत, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. सभागृहवाल्यांनी त्याला वर्षानुवर्षं फालतू, अश्लील, झोपडपट्टीचं म्हणून हिणवलं. सिनेमावाल्यांनी मात्र त्याच चाली उचलून पैसे केले. माल आमचा, गल्ला त्यांचा. हा धंदा मद्रासेत चालतो तसा मुंबईतही चालतो.

आणि परई. ही कातड्याची चपटी डफासारखी वाजवायची. आपली हलगी तिची सख्खी बहीण. ह्या वाद्यावरूनच परैयर ह्या जातीचं नाव पडलं असं सांगतात, आणि इंग्रजीत वाळीत टाकलेल्या माणसाला जो शब्द वापरतात तोसुद्धा ह्याच जातीच्या नावावरून गेला. म्हणजे गोऱ्या साहेबानं जगभर नेलेली ती शिवी ह्या एका डफाच्या आवाजातून निघालेली. मयत असलं की परई वाजवायची, दवंडी असली की परई वाजवायची. वाजवणारा ठरलेला, त्याची जात ठरलेली. तो नाही म्हणू शकत नाही. म्हणाला तर मार.

म्हणून तमिळनाडूच्या दलित चळवळीत परईवर मोठा झगडा झाला. एक बाजू म्हणाली, ही गुलामीची खूण आहे, फेकून द्या, फोडा, जाळा, मयतावर वाजवणार नाही म्हणजे नाही. ही बाजू काही घरात बसून बोलली नाही. गावोगाव लोकांनी परई नाकारली आणि त्यासाठी मार खाल्ला. दुसरी बाजू म्हणाली, वाद्यात पाप नाही, जबरदस्तीत आहे. जबरदस्ती मोडा आणि वाद्य आपलं करा. कास्टलेस कलेक्टिव्हनं दुसरी बाजू घेतली. परई सूट घालून वाजवली. ड्रमच्या सेटशेजारी, विजेच्या गिटारशेजारी, त्याच उंचीच्या स्टेजवर.

नाव कुठून आलं हेही सांगतो, कारण तो इतिहास आपल्या शाळेत कुणी शिकवत नाही. पंडित अयोतिदास (१८४५–१९१४) हे तमिळ विचारवंत. शिरगणतीत आपली नोंद जात नसलेले लोक अशी करा, असं त्यांनी आपल्या माणसांना एकोणिसाव्या शतकात सांगितलं. जातिहीन म्हणजे हीन जातीचे नव्हे, तर जात न मानणारे मूळचे बौद्ध, अशी त्यांची मांडणी. १८९८ साली ते सिलोनला जाऊन बौद्ध झाले, परत येऊन मद्रासेत शाक्य बौद्ध संघ उभा केला. १९०७ साली पत्र काढलं, त्याची किंमत एक पैसा आणि नावातही एक पैसा. नागपूरच्या १९५६ च्या अठ्ठावन्न वर्षं आधी. त्यांच्या चळवळीत वावरलेले लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धर्मावरच्या पुस्तकाला १९४८ साली बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. म्हणजे धागा आहे, तुटलेला नाही. आपण तो हातात धरला नाही एवढंच.

आता आपल्याकडं या.

हलगी आपल्या बापजाद्यांनी फेकली. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका, गावकीची लाचारी सोडा. १९५६ नंतर गावोगाव बौद्धांनी बलुतं सोडलं, मयताचा सांगावा न्यायचं सोडलं, मिरवणुकीपुढं वाजवायचं सोडलं. पाटलाच्या लग्नात ज्यांचा आजा वाजवत होता त्या आज्यानं एक दिवस सांगितलं, नाय वाजवत. त्या दोन शब्दांसाठी त्याच्या घराला वाळीत टाकलं, पीठ मिळेना, विहीर बंद. ज्यानं हे सोसलं त्याच्यापुढं जाऊन आजचा कुणी शहाणा ‘आपली लोककला तुम्ही बुडवली’ म्हणत असेल तर त्या शहाण्याच्या कानाखाली आवाज काढला पाहिजे. ती कला नव्हती, वेठ होती. फेकली ते बरोबर केलं. शंभर टक्के बरोबर.

पण पुढं काय झालं? इथं मला बोलायचंय.

आपण फेकलेली हलगी जमिनीवर पडून राहिली नाही. ती दुसऱ्याच्या गळ्यात तशीच राहिली. मांगाच्या. आणि आज १४ एप्रिलला वस्तीवस्तीतून मिरवणुका निघतात तेव्हा पुढं हलगी-ताशावाले असतात ते कोण असतात? विचारा. नाव विचारा, गाव विचारा. पुष्कळ ठिकाणी मातंग समाजाची पोरं असतात. सुपारी देऊन आणलेली. दिवसभर उन्हात वाजवतात. मिरवणूक संपली की हिशेब करून त्यांना वाटेला लावायचं. मग स्टेजवर पुढाऱ्यांची भाषणं, सत्कार, शाली. वाजवणाऱ्याला स्टेजवर बोलावल्याचं कुणी बघितलंय? त्याला खुर्ची दिलेली बघितलीय? पाटलाच्या लग्नात वाजवणारा आणि आपल्या जयंतीत वाजवणारा ह्यांच्या उभं राहायच्या जागेत फरक किती पडला? दोघंही रस्त्यावर. फक्त मिरवणुकीचा रंग बदलला.

हे मी आपल्याला टोचायला मुद्दाम लिहितो. वर्षभर आपण म्हणतो जात मोडा. आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी जातीनंच ठरवून दिलेलं काम जातीवाल्याकडून पैसे देऊन करून घेतो. पैसे दिले म्हणून गुन्हा पुसला जात नाही. पैसे पाटीलही देत होता, थोडे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल आला. तेव्हापासून मांगवाड्यात आणि बुद्धविहारात एकमेकांविषयी काय बोललं जातं ते आपण ऐकतोय. निकालावर भांडा, आकडे मांडा, कोर्टात जा, तो वाद खुल्या मनानं झाला पाहिजे. पण मातंगाच्या पोराचा संशय आहे की बौद्ध आपल्याला धाकटा धरतात. हा संशय त्याला कुठल्या पुढाऱ्यानं शिकवला, असं म्हणून आपण सुटतो. पुढाऱ्यानं फुंकर मारली असेल. निखारा आपल्या मिरवणुकीतला आहे.

आणि गाण्याचं काय? मिरवणुकीतल्या ट्रकवर पंधरा फुटी स्पीकर. सिनेमाची चाल, त्यावर भीमाचं नाव. वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) हजारो गाणी लिहिली, पायी गावं तुडवली. त्यांच्या आधी भीमराव कर्डकांच्या जलशानं नाशिक जिल्ह्यात माणसं उठवली. तो वारसा सांगणारे आपण आज भाड्याच्या मशीनसमोर नाचतो. मशीनचा मालक कोण, गाण्याचा मालक कोण, नफा कुणाचा? नाचायला माझा विरोध नाही. बारा महिने ओझी उचलणाऱ्याला एक दिवस नाचायचा हक्क आहे. माझा प्रश्न एवढाच, की लाखांची वर्गणी एका रात्रीत आवाजात उडते आणि त्याच वस्तीत पोराला एक गिटार, एक ढोलकी, एक माइक का मिळत नाही?

म्हणून मला मद्रासेची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी वाट बघितली नाही, की आपल्यातून कुणी एखादा प्रतिभावंत जन्माला येईल. हुडकले, एकत्र बसवले, वाजवायला लावले. परईवाल्याला गिटारवाल्याशेजारी बसवला. गिटार कॉलेजची आणि परई गटाराकडेची, हे अंतर तालमीच्या खोलीत मोडलं. मी गोदीत टोळीत काम करतो. टोळी म्हणजे काय हे मला कळतं. आठ माणसांनी एका हाकेवर ओझं उचललं तर उचलतं. एकानं अंग चोरलं तर सगळ्यांच्या पाठी जातात. तिथं कुणी विचारत नाही की तुझा हात वरच्या जातीचा की खालच्या. बँडचंही तेच. ताल चुकला की जात उपयोगी पडत नाही.

आपल्याकडं हे झालंच नाही असं नाही. १९४४ साली ह्याच मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर एकत्र आले आणि लाल बावटा कलापथक उभं राहिलं. वाटेगावच्या मांगवाड्यातला माणूस आणि बार्शीचा मुसलमान, दोघांनीही गिरणीत घाम गाळलेला. त्याला कुणी बँड म्हणालं नाही, कारण अंगात जीनची पँट नव्हती. पण स्वतंत्र बँड म्हणजे दुसरं काय असतं? २००२ साली पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला, त्यातल्या पोरापोरींनी गाण्यापायी तुरुंग बघितला. धारावीच्या झोपड्यांतून रॅप म्हणणारी पोरं निघाली, त्यातल्याच डोपडेलिक्सवाल्यांचा आवाज ‘काला’च्या गाण्यांत आहे. म्हणजे दारू कोरडी आहे. काडी ओढायची राहिलीय.

आता काही मित्र म्हणतील, मद्रासेत रंजितसारखा पैसेवाला दिग्दर्शक पाठीशी होता, म्हणून झालं. आमच्या पाठीशी कोण? मुद्दा खरा आहे. पाठीशी कुणी असलं की सोपं जातं. पण पाठीशी असलेला माणूस उद्या मानेवर बसणार नाही कशावरून, हा प्रश्नही विचारला पाहिजे. ह्याच बँडमधला अरिवु हा रॅपवाला कवी. त्यानं २०२१ साली गायिका धीबरोबर ‘एंजॉय एंजामी’ हे गाणं केलं. सिलोनच्या चहामळ्यात राबलेल्या त्याच्या आजीची, वळ्ळियम्माळची, आणि भूमिहीनांची गोष्ट त्यात आहे. कोट्यवधी लोकांनी ऐकलं. मग एका मोठ्या संगीत मासिकानं मुखपृष्ठ काढलं, त्यावर गायिका होती, अरिवु नव्हता. रंजितनं जाहीर बोंब ठोकली तेव्हा कुठं नंतर अरिवुचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. २०२२ ला मद्रासेत बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात तेच गाणं झालं, अरिवु तिथं नव्हता. आजी त्याची, शब्द त्याचे, जागा रिकामी. म्हणून म्हणतो, स्वतंत्र बँड ह्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द केसांच्या स्टाइलचा नाही. गाण्याच्या कागदावर नाव कुणाचं, पैसा कुणाच्या खात्यात, स्टेजवर उभं कोण, ह्याचा आहे. हे आधी लिहून घ्या, मग तोंड उघडा.

आणि बायांचं काय? गाना हा पुरुषांचा मुलूख. त्यात इसैवाणी नावाची रोयापुरमची पोरगी शिरली आणि ह्या बँडची गायिका झाली. २०२० साली बीबीसीनं जगातल्या शंभर बायांत तिचं नाव घेतलं. शबरीमलाच्या देवळात बायांना बंदी का, असा सवाल टाकणारं गाणं तिनं म्हटलं होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात ते जुनं गाणं उकरून काढून तिच्यावर तक्रारी केल्या, धमक्या दिल्या, घाणेरड्या शिव्या दिल्या. बँडमध्ये पुरुष डझनभर असताना शिव्यांना पत्ता बाईचाच सापडला. आपल्या कलापथकात बाई असते ती कोरसला. रात्री घरी कोण सोडणार ह्यावर तिची तालीम बंद पडते. वाद्य वाजवणाऱ्या किती? मोजायला एका हाताची बोटं जास्त होतील. जात नसलेला जथा म्हणवायचं आणि बाईला टाळ द्यायचा, हे चालणार नाही.

मग हलगी उचलायची की नाही? माझं मत सरळ आहे. उचलायची. पण अटी घालून. ज्याला नाही म्हणायची मुभा आहे त्यानंच हो म्हणावं. जातीनं मिळाली म्हणून कुणी वाजवू नये, आणि जातीची नाही म्हणून कुणी टाळू नये. विहारातल्या पोरानं मांगवाड्यात जाऊन हलगी शिकावी, वस्ताद म्हणून तिथल्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं, त्याला शिकवण्याचे पैसे द्यावेत. मांगवाड्यातल्या पोरानं गिटार, कीबोर्ड, माइक हातात घ्यावा, शब्द लिहावेत. मयतावर, लग्नात, पाटलाच्या दारात हुकमानं कुणीही वाजवायचं नाही. आणि ज्या म्हाताऱ्याला हलगीचा आवाज ऐकून अजून अंगावर काटा येतो, पाठीवरचे वळ आठवतात, त्याला ‘तुम्हाला कलेतलं कळत नाही’ असं ऐकवायचं नाही. त्याच्या समोर बसून विचारायचं, तुम्ही का फेकली ते सांगा. त्यानं जे सांगितलं तेच आपलं पहिलं गाणं.

येत्या जयंतीच्या वर्गणीत एक ओळ वाढवा. ट्रकवरच्या स्पीकरची एक रांग कमी करा आणि त्या पैशात वाद्यं घ्या. ती मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी ठेवू नका, विहारात ठेवा, कुलपाच्या दोन किल्ल्या करा, एक मांगवाड्यात द्या. आठवड्यातून दोन रात्री तालीम. दहा पोरं-पोरी जमली तरी पुष्कळ. सहा महिने बेसूर वाजेल. शेजारी शिव्या देतील. देऊ देत, आपलं नाव तोंडात तरी घेतील. आणि १४ एप्रिलला वाजवणारी माणसं ट्रकपुढं चालणार नाहीत, स्टेजवर असतील, आणि शाली घेणारे पुढारी खाली उभं राहून ऐकतील.

एवढं एका वस्तीनं करून दाखवावं. मी ढोल वाहायला येतो. ओझ्याची मला सवय आहे.

जयभीम.